कृष्णनाथाची दोन मरणं

कृष्णनाथ परब वास्कोत पुरलेले आहेत, ही बातमी मुळगावच्या घरात पोचली ती पेडण्याहून, आणि बसने. घरातल्या नातीने, सिद्धीने, ती आदल्या दिवशी फोनवर पेडण्यातल्या आपल्या आत्याआजीला, सत्यवतीला, सांगितली होती. सत्यवतीने सकाळची पहिली बस धरली, तिठ्यावर उतरून चालत आली आणि चपला काढायच्याही आधी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या धाकट्या भावाला म्हणाली, "अनंता, आमचो बापूस अठ्ठ्याहत्तर सालात मेलो. तू जाळलंस तो गवताचो होतो."

अनंत परब पेपरातलं मृत्यूवार्तांचं पान वाचत होते. ऐंशी वर्षांच्या माणसाचा तोच खरा अग्रलेख. त्यांनी पेपराची घडी घातली, समोरच्या घराच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हळू उलय. तेंची जनेलां उघडी आसत."

"उघडीच बरी," सत्यवती म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती, पण आवाज अजून नळावर भांडणाऱ्या बाईचा होता. तिने हातातली पिशवी खुर्चीवर उपडी केली. तीतून हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, खण, नारळ आणि कुंकवाचा करंडा बाहेर पडला. "फाल्यां नवम. आवशीची नवम करूची. माका दुसरा काय एक नको."

तिचं म्हणणं एवढंच होतं आणि ते सगळ्यांना लगेच समजलं. म्हणूनच घरात एवढा गोंधळ झाला.

पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. अहेव नवमी. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, ओटी भरायची, वडे-खिरीचं पान वाढायचं. परबांच्या घरात सत्यवती-अनंतांच्या आईची, पार्वतीची, नवमी कधी झाली नव्हती. कारण पार्वती गेली बहात्तर सालात आणि गेली ती विधवा म्हणून. आणि आता सिद्धी सांगत होती की तिचा नवरा तिच्यामागून सहा वर्षांनी मेला. म्हणजे ती अहेव गेली, आणि घरातल्यांनी तिला पांढऱ्या कपाळाने चितेवर ठेवलं.

कृष्णनाथ घरातून निघून गेले तेव्हा सत्यवती तीन-चार वर्षांची होती आणि अनंत पाळण्यात. बारा वर्षं माणसाची खबर नसली की तो मेला असं शास्त्र सांगतं. शास्त्राने नुसतं सांगितलं; घाई केली ती धाकटे काका बाबली परब यांनी. छप्पन्न साली दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, नदीकाठी नेला आणि बारा वर्षांच्या अनंताच्या हातून त्याला आग देववली. मग घरी येऊन पार्वतीचं कुंकू पुसलं. पुढे गोवा मुक्त झाला, तेव्हा बाबली काकांना आठवलं की आपल्या भावाला पोर्तुगिजांनीच पकडून नेलं होतं. आधी का आठवलं नाही, हे कोणी विचारलं नाही. त्या वर्षी गावात आणखी दोघा-तिघांना असंच आठवलं होतं. तेव्हापासून कृष्णनाथ हुतात्मा झाले, आणि हुतात्म्याचे चिरंजीव म्हणून अनंतांना दरवर्षी अठरा जूनला, क्रांतिदिनी, एक आणि एकोणीस डिसेंबरला, मुक्तिदिनी, एक अशा दोन शाली मिळू लागल्या. गोव्याच्या हवेत शालीचं काय करायचं हा प्रश्न वेगळा. पण कपाट भरलेलं होतं.

*

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. थोरला परेश पंचायतीतून तातडीने आला. गेली दोन वर्षं तो 'हुतात्मा कृष्णनाथ परब मार्ग' या एकाच रस्त्यावरून आमदारकीकडे चालला होता. दसऱ्याला तिठ्यावर अर्धपुतळ्याचं अनावरण ठरलं होतं. कृष्णनाथांचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून मूर्तिकाराने अनंतांचाच चेहरा घेतला आणि परेशच्या सूचनेवरून त्याला मिशा आणि फेटा चढवला. पुतळा तयार होऊन धाकट्या निलेशच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. शेडमध्ये जागा भरपूर होती. खाणी बंद पडल्यापासून निलेशचे खनिजाचे ट्रक जिथे थांबले तिथेच होते आणि त्यांच्या चाकांवर वेली चढल्या होत्या.

"कोणाकोणाक सांगलंस?" परेशने मुलीला विचारलं.

"आत्याआजीला. आणि काकाला."

"आणि माका?"

"तुम्हालाही मेसेज केला होता, पप्पा," सिद्धी म्हणाली. "तुम्ही अंगठा पाठवलात."

परेशला असे रोज शंभर मेसेज येत आणि तो शंभरांनाही अंगठा पाठवी. त्याने विषय बदलला. "कबर म्हणजे काय, दगड बिगड आसा? नाव कोरलेला?"

"कबर आता नाहीच. तिथे जागा अपुरी असते. काही वर्षांनी हाडं काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. पणजोबांच्या जागी त्यांच्यानंतर चौघेजण होऊन गेलेत."

"म्हणजे पुरावो नाय!" परेशला एकदम हुशारी आली.

"दफनाची नोंद आहे. मी स्वतः पाहिली." सिद्धी इतिहासात एम.ए. होती. घरात या पदवीचा उपयोग आजवर कोणालाच दिसला नव्हता. मग अचानक दोघांना दिसला. बापाला हुतात्म्याच्या तुरुंगवासाचा कागद हवा होता आणि काकाला लिस्बनहून पोर्तुगीज पासपोर्ट काढण्यासाठी आजोबांचा जन्मदाखला. एकाच माणसावर एकाने पोर्तुगिजांची गोळी मागितली होती आणि दुसऱ्याने पोर्तुगिजांचा शिक्का. पोर दोन महिने पणजीच्या पुराभिलेखागारात धूळ खात बसली. तुरुंगाच्या कागदांत कृष्णनाथ कुठेच नव्हते. जन्माची नोंद मिळाली आणि तिच्या कडेला कोणीतरी बारीक अक्षरात खूण केली होती: मृत्यू, मुरगाव. ती खूण धरून ती मुरगावातल्या वास्कोला गेली, आधी नागरी नोंदणीत आणि मग तिथल्या एका चर्चमध्ये. "कृष्णनाथ परब, ऊर्फ कायतान, मूळचा मुळगाव, डिचोली. आंजेलिना नावाच्या बाईच्या पावाच्या भट्टीवर कामाला. मरायच्या आदल्या आठवड्यात बाप्तिस्मा."

"भट्टीर?" प्रभावतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. ती अनंतांची बायको, कृष्णनाथांची सून, परेश-निलेशची आई. बाप्तिस्म्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. "आमचो मांव पोदेर होतो? पाव भाजी होतो?"

"तीस वर्षं, आजी."

"आणि ती बायल? तेच्यावांगडा लगीन केलेल्यान?"

"नाही. पाद्रीने लग्न लावायला नकार दिला, कारण पणजोबाच सांगत की माझी बायको मुळगावात आहे. शेऱ्यात तसं लिहिलंय. विवाहित, पत्नीचं नाव पार्वती."

सत्यवती भावाकडे पाहत होती.

"आयकलंस?" ती म्हणाली. "पाद्रीक ठावक होता ती सवाशीण. घरातल्यांक तेवढा ठावक नव्हता."

विचारलं होतं अनंतांना. बोलला तो निलेश, आणि भलत्याच उत्साहाने. त्याच्या हिशोबात बापाचं नाव लिस्बनला नोंदवलं की बापाच्या मागोमाग त्याचा पासपोर्ट, पासपोर्टामागून लंडन आणि लंडनमध्ये काहीतरी. ते काहीतरी म्हणजे काय हे अजून ठरायचं होतं. "आत्या, तू नवम कर. खरा ता खरा. आजोबांचो जन्म, लगीन, मरण, सगळा एका माळेत बसला. मी वड्यांचा पीठ आणतंय."

"तुका पासपोर्ट होयो म्हणान माजो हुतात्मा पाववालो करतलंस?" परेश ओरडला.

"आणि तुका तिकीट होया म्हणान आमी आमच्या आज्याक गोळी घालूची?"

"दसऱ्याक मंत्री येतत!"

"येंवदेत! तेंकाय पाव आवडता!"

खाणी बंद पडून पैशांवरून बिनसल्यापासून हे दोघे भाऊ गेली कित्येक वर्षं एकमेकांशी थेट बोलत नसत, आईमार्फत बोलत. त्यांच्या बायका, शीतल आणि तेजस्विनी, दारात उभ्या राहून आपापल्या नवऱ्याच्या वाक्याला मान हलवत होत्या. भांडण बरंच लांबलं असतं, पण सिद्धी मध्येच म्हणाली, "काका, एक अडचण आहे. छप्पन्न सालच्या मरणाचीही नोंद आहे. पुतळा जाळल्यावर बाबली पणजोबांनी ती सरकारदरबारी करून घेतली होती."

निलेशचा चेहरा उतरला. तो खिडकीकडे जाऊन वकिलाशी फोनवर बोलला. परत आला तेव्हा तो वेगळाच माणूस होता.

"वकील म्हणता, दोन मरणां चलनत नाय. फायलीत एकच होया." तो घसा साफ करून परेशच्या शेजारी सोफ्यावर बसला. "छप्पन्नाचा बरा, म्हणता. तेच्यार पोर्तुगालाचो शिक्को आसा. अठ्ठ्याहत्तराचा इंडियन."

"तू आताच म्हणालंस खरा ता खरा," सत्यवती म्हणाली.

"आत्या, खऱ्यात पण सोय बघूची लागता."

परेशने धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. खाणींनी जे तोडलं होतं ते एका मेलेल्या माणसाने पाच मिनिटांत जोडलं. आता दोघेही एका सुरात आत्याला समजावू लागले. सर्वपित्री अमावास्या आठवड्यावर आहे, तेव्हा सगळ्यांच्या नावाने घालतोच, त्यात आजीलाही घालू, कोणाला कळणार नाही, पुण्य तेवढंच.

"सगळ्यांत घालू नकात तिका," सत्यवती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "सोळा वर्सां ती सगळ्यांच्या फाटल्यान चुलीकडेन रवली. लग्नात नाय, बारशात नाय. तिका एक दीस तिचो म्हणान दिया. एक पान आणि एक सवाशीण. इतक्याच मागतंय."

"वन्सं, तुमचा दुःख माका कळता," प्रभावती म्हणाली, आणि तिला खरंच कळत होतं. "पण हुंबऱ्याभायर गेला की बाटलेल्याचा घर म्हणतले. शिगम्यात देवीची पालखी पयली आमच्या दारात रवता. शेजारच्यांचो डोळो पंचवीस वर्सां तेच्यार आसा. भटाक तरी इचारूया."

भटजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मेजावर ठेवला. म्हाळाचे दिवस, तेव्हा भटजी एका श्राद्धाहून दुसऱ्या श्राद्धाला स्कूटरने निघाले होते. मागून हॉर्न ऐकू येत होते. परेशने हकिगत सांगितली. बाप्तिस्मा आणि भट्टी वगळून.

"त्याचं असं आहे," भटजी वाऱ्यावर ओरडले, "अविधवा नवमी नवरा जिवंत असेपर्यंतच करतात. नवराही गेला की तिचं त्याच्यात मिळालं. काही लोक पुढे चालू ठेवतात, पण आपल्याकडे तशी पद्धत नाही. ते अठ्ठ्याहत्तरला गेले ना? मग प्रश्नच मिटला. आता करण्याचं कारण नाही."

दोघा भावांनी एकदमच श्वास सोडला. काट्याने काटा निघाला होता, आणि तोही शास्त्रातला.

सत्यवती मेजावर वाकली आणि फोनला तोंड लावून म्हणाली, "भटजीनूं, बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर सहा नवमी जातत. ती सहा वर्सां तिची होती काय नाय?"

"तशी... होती."

"कोणी केल्यानी?"

"केल्या नसतील."

"मग त्यो माका दिया. सहा नको. एक दिया."

फोनमधून मोठा हॉर्न ऐकू आला. मग भटजी म्हणाले की राहून गेलेल्या नवमीबद्दल ग्रंथात बघावं लागेल, सध्या समोर ट्रक आहे. आणि फोन बंद झाला.

"बाबा, तुमीच काय ता सांगा," परेश म्हणाला.

सगळ्यांची तोंडं अनंतांकडे वळली. अनंत हातातल्या पेपराच्या घडीवर घडी घालत होते. त्यांना नदीकाठ दिसत होता. दर्भाचा तो पुतळा अगदी हलका होता. एका हाताने उचलता आला असता, तरी चौघांनी खांद्यावर घेतला होता. आग लगेच लागली आणि लगेच विझली. बाबली काका कानाशी म्हणाले, रड रे, लोक बघतायत. बारा वर्षांच्या अनंताला रडू येईना, कारण बाप त्याने पाहिलाच नव्हता आणि गवतासाठी कोणी रडत नाही. रडू आलं ते घरी आल्यावर. मागच्या पडवीत चार बायकांनी आईचे हात धरले होते, पाचवी दगडाने बांगड्या फोडत होती, आणि आई हात सोडवत ओरडत होती, माझो घोव मेलो नाय, माझो घोव जितो आसा. बायका म्हणाल्या, सगळ्याच असं म्हणतात.

तिचं खरं होतं. आपण आयुष्यभर त्या खोट्याच्या शाली पांघरल्या, हे अनंतांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि ऐंशीव्या वर्षी चारचौघांत तोंड उघडणं वेगळं.

"सर्वपित्रीक बघूया," ते म्हणाले.

सत्यवती उठली. तिने हिरवं लुगडं, बांगड्या, खण पुन्हा पिशवीत भरलं. "बघू नको," ती म्हणाली. "तू तेवाय बघलंस नाय. मी करतंय. रांडमुंड बायलेचो हात चलाचो नाय म्हणतले, म्हणूदेत. माका ह्या घरातसून फकत एक सवाशीण दिया. फाल्यां दनपारां मागल्या पडवीत पाट मांडतंय."

*

प्रभावतीला पंचाहत्तरावं लागलं होतं आणि तिची एकच महत्त्वाकांक्षा उरली होती: नवऱ्याच्या आधी जायचं. त्याची सगळी तयारी तिने करून ठेवली होती. कुठल्या बायकांना बोलवायचं आणि कुठलीला मुळीच बोलवायचं नाही, हे सुनांकडून पाठ करून घेतलं होतं. अडचण एवढीच होती की अनंत तिच्याहून पाच वर्षांनी मोठे आणि प्रेशरवाले. म्हणून ती त्यांना जिवापाड जपत असे. मीठ तोलून घाली, जिन्यावर हात धरी, आणि सकाळची गोळी पाण्यासकट स्वतः हातात देऊन गिळलेली बघे. गावात त्यांच्या प्रेमाचे दाखले देत. प्रेम होतंच, पण त्यात शर्यतही होती.

नवमीच्या सकाळी ती अशीच गोळी घेऊन उभी राहिली. अनंतांनी हात पुढे केला, तरी ती गोळी देईना.

"काय झाला?" त्यांनी विचारलं.

"काय नाय. इचार करतंय. घोव जितो आसताना बायलेक रांड करूक येता, तर मगे मी ह्यो गोळयो कित्याक दितंय?"

तिने गोळी दिली, त्यांनी गिळली, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. पण तिथेही तिचा हात कामाला लागेना. तिला आपलं लग्न आठवत होतं. हळद वाटली होती सासूने, तांदूळ निवडले होते सासूने, आणि गृहप्रवेशाच्या वेळी सासू दाराआड उभी होती. नवी नवरी नमस्काराला वाकली तेव्हा पार्वतीने पाय मागे घेतले. माझ्या पायां पडू नको गो, बरा नाय तुका. एकोणीस वर्षांच्या प्रभावतीला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. शकुनाची बाब होती. तीन वर्षं त्या बाईने तिला चुलीशी शिकवलं, परेशच्या वेळी बाळंतपण केलं, 'झील झालो गो' म्हणत मुलगा कुशीत दिला आणि बारशाला पुन्हा दाराआड जाऊन उभी राहिली. त्या वेळी पार्वतीचा नवरा वास्कोत पीठ मळत होता.

प्रभावतीला नियम मोडलेले आवडत नसत. तिने उभ्या आयुष्यात एक एकादशी सोडली नव्हती. आणि आता तिच्या लक्षात येत होतं की या घरात सगळ्यांत मोठा नियम मोडला तो सासूच्या कपाळावर, आणि नियम सांगणाऱ्यांनीच मोडला.

मागल्या पडवीत सत्यवतीने केळीचं पान मांडलं होतं. वडे, काळ्या वाटाण्यांची भाजी, अळू, खीर. पाटाभोवती सिद्धीने रांगोळी घातली. सिद्धीचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिचा उपयोग रांगोळीपुरताच. सवाष्णीचं आमंत्रण शेजारी चार घरी गेलं होतं. एकीचा उपास निघाला, दुसरीला म्हापशाला जायचं होतं, तिसरीच्या सासूने निरोप दिला की ती झोपली आहे. चौथीने सरळ विचारलं, तुमच्या घरी आज कुणाची नवमी?

घरातल्या दोन सवाष्णी उरल्या. शीतल म्हणाली तिचं डाएट चालू आहे, आणि परेशकडे पाहिलं. तेजस्विनी म्हणाली तिला आज चालत नाही, आणि निलेशकडे पाहिलं. दोघी आपापल्या कपाळावरच्या टिकल्या सांभाळत दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

मध्यान्ह टळत चालली होती. सत्यवती रिकाम्या पाटासमोर भिंतीला टेकून बसली. वड्यांवर फडकं टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. "आये," ती पाटाकडे बघून हळूच म्हणाली, "कोण येणत नाय गो." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडी तो शब्द ऐकून सिद्धीला रडू आलं.

"मी बसतंय," प्रभावती म्हणाली.

ती न्हाऊन आली होती. केस ओले होते, नाकात नथ होती. सगळे वळून बघू लागले.

"आई, काल तूच पालखी म्हणत होतंस!" परेश म्हणाला.

"पालखी शिगम्यात. आज नवम."

"लोक काय म्हणतले?"

"लोकांक सांग, सासूची नवम सुनेन जेवली. तेच्यात लोकांचा काय गेला?"

"पण अगो," अनंत मागून आले, "मी सर्वपित्रीक म्हणालंय ना..."

प्रभावतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अवो, तुमी जिते आसात ना?"

"आसंय."

"मगे सवाशीण मी. तुमी गप रवात."

ती पाटावर बसली. सत्यवतीने करंडा उघडला आणि तिचा हात थांबला. ती स्वतः विधवा. तिने दाराकडे, शीतलकडे पाहिलं. शीतलने परेशकडे पाहिलं.

"वन्सं, तुमीच लावा," प्रभावतीने कपाळ पुढे केलं.

"मी? माका चलता?"

"जितो घोव आसताना तिचा पुसला, ता तेंका चलला. लावा."

सत्यवतीने कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं. बांगड्या भरल्या, ओटी भरली. मग ती भावजयीच्या, आपल्याहून लहान बाईच्या पायांवर डोकं ठेवून ओणवी झाली आणि उठेचना. प्रभावतीने पाय मागे घेतले नाहीत. तशीच बसून राहिली.

दारात परेश निलेशला हळूच विचारत होता की हुतात्मा दोन्ही धर्मांचा निघाला तर उलट फायदा होईल का. आणि निलेश त्याला सांगत होता की वास्कोतली मतं इथे मोजत नाहीत. शीतलने, कधी नव्हे ते, दोघांनाही गप केलं.

पान वाढायला कोणी उठेना. सत्यवतीचे हात चालेनात. तेव्हा अनंत पुढे आले. त्यांनी धोतर खोचलं, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले आणि वडे वाढले, भाजी वाढली. उभ्या जन्मात त्यांनी कोणाला वाढलं नव्हतं. अळू पानाबाहेर गेलं. मग खिरीचा डाव उचलून ते तसेच थांबले. ओठ हलत होते. दर्भाला आग देताना जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, उघड्यावर, मुलांसुनांसमोर, नाका-तोंडातून.

"आये," ते म्हणाले, "खीर वाढू?"

प्रभावतीला साखर वर्ज्य होती. आणि लग्नातला उखाणा सोडला तर पंचावन्न वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडावर आणलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि ते तर तिला मुळीच परवडणारं नव्हतं.

तिने पान त्यांच्याकडे सरकवलं.

"वाढ रे अनंता," ती म्हणाली. "वाढ, झिला."